हाडातून आलेली हाक

मिरकरवाडा, रत्नागिरी
दि. १४ जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप समीक्षावन्संना राजश्रीचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. तुमचे बंधुराज परवाच बोटीवरून आलेत, दोन दिवसांनी परत जातील. ऋत्विक नववीत आहे, चाचणीत गणितात आपटला, बाकी ठीक. तुमच्याकडेही सगळे बरे असतील. आईंचा पाय थंडीत धरतो का? झोपताना पायमोजे घालायला सांगा. त्या ऐकायच्या नाहीत, तरी सांगा.

बर्फाच्या गाडीवरचा विनीत उद्या सावर्ड्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि तिळगुळाचा डबा पाठवते आहे. फोन तुम्ही उचलत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मला बंद करून टाकलंत, तेव्हा हाच मार्ग उरला. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' असं मी म्हणणार नाही. चार वर्षं झाली, तुम्ही नुसतं बोललात तरी पुष्कळ. आईंना आवडतात म्हणून सोडे पाठवणार होते, पण मी आता कोलंबी सोलत नाही. का, ते विचारू नका.

आता बातमी. वन्सं, मी बहिरी आहे! आणि हे मी म्हणत नाही, कागद म्हणतो. डॉक्टरांची सही आहे, शिक्का आहे, खाली तारीख आहे. कुणी पोर पास झाली म्हणून पेढे वाटतं, मी बहिरी ठरले म्हणून वाटायला निघाले होते. तुमच्या भावाने आवरलं.

झालं असं. माळनाक्यापाशी मनस्विनी नावाच्या कानाच्या डॉक्टर दवाखाना चालवतात. बाई स्वतः बंदरावर येतात, कल्ला उघडून बघितल्याशिवाय मासा घेत नाहीत, आणि घासाघीस अशी करतात की आपण हात टेकावेत. लिलावात मी बोली करते ती त्यांनी कितीदा उभं राहून बघितलेली. तुम्हाला माहीत आहेच, बंदरावर इंजिनं चालू, बर्फ फोडायचं यंत्र चालू, त्यात पन्नास माणसं एकदम ओरडतात. तिथे पलीकडच्या टोकाची बोली मला बरोबर ऐकू येते. अनुभवी बायकांची चुकते, माझी नाही.

नोव्हेंबरात त्यांच्या घरी सुरमई पोचवायला गेले. मासळी ठेवली आणि जिना उतरायला लागले. त्यांनी मागून तीन हाका मारल्या म्हणे. मला काही पत्ता नाही. शेवटी त्यांनी खाली येऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी दचकले. माझं मन लगेच तयारीला लागलं. आता ही बाई म्हणणार, 'बंदरावर बरं सगळं ऐकू येतं गो तुला?' बारा-तेरा वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे, ते येण्याआधी मला त्याचा वास येतो.

त्या म्हणाल्या, "राजश्रीताई, गोंगाटात तुम्हाला इतरांपेक्षा बरं ऐकू येतं आणि शांत घरात येत नाही. असंच ना?"

मी तिथेच पायरीवर बसले.

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. जेवताना कुणी बोललं तर काही कळत नाही ना? (पंगतीत मी कुणाशी बोलत नाही, मला गर्व आहे, आठवतं?) घरचे म्हणतात का की तुम्ही फार हळू बोलता? (घुमी, आतल्या गाठीची. हे तर तुमचेच शब्द.) बाळंतपणानंतर वाढलं का? ऋत्विक झाला आणि वर्षभरात घर माझ्यापासून लांब लांब गेलं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माहेरी कुणाला आहे का? नाटे गावी आमचे आप्पा चाळिशीतच ऐकेनासे झाले. सगळे म्हणायचे, इंजिनावर बसून कान गेले. तेही असेच हळू बोलायचे, आणि माणसं म्हणायची की बहिरा माणूस ओरडून बोलतो, हा तर कुजबुजतो, याचं सोंग आहे.

वन्सं, माझ्यावरचे सगळे आळ त्या बाईने न सांगता ओळखून दाखवले. तिच्या पुस्तकात ती आजाराची लक्षणं म्हणून छापलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. नादकाटा म्हणून एक दुटोकी लोखंडी काटा असतो. तो त्यांनी ढोपरावर हाणला आणि माझ्या कानासमोर धरला. लांबून डास गुणगुणावा एवढंच काहीतरी आलं. मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली, आणि वन्सं, माझं डोकं भरून वाजलं! स्पष्ट, गोल, देवळातल्या घंटेसारखं. मी रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं आनंदाने रडते. आनंद होताच, पण मी रडले ते निराळ्या कारणाने. ते आज लिहीत नाही.

मला कागदावर चित्र काढून सांगितलं, तेच तुम्हाला सांगते, म्हणजे हे थोतांड नाही हे कळेल. कानाच्या नळीच्या शेवटी पडदा असतो. पडद्यामागे तीन हाडं एकमेकांना जोडलेली: हातोडा, ऐरण आणि रिकीब. घोडेस्वार पाय ठेवतो ना, हुबेहूब तसली रिकीब. अख्ख्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड, तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढं. त्याच्या पलीकडे गोगलगाईसारखी वेटोळी नळी असते, आणि तिच्यात पाणी भरलेलं. खारट पाणी! त्या पाण्यात बारीक केसांच्या पेशी उभ्या असतात. पाणी हललं की केस हलतात, केस हलले की मेंदूला खबर जाते. झालं ऐकणं.

मी विचारलं, मग मधली हाडं कशाला? आवाज सरळ पाण्यात जाऊ दे की. त्या म्हणाल्या, "तुम्ही दर्यावरची माणसं. धक्क्यावरून कुणी हाक मारली तर बुडी मारलेल्याला ऐकू येते का?" नाही येत. हवेतला आवाज पाण्यावर आपटतो आणि बहुतेक सगळा मागे फिरतो. म्हणून ही तीन हाडं. पडद्यावरचा आवाज ती एकवटतात आणि रिकीब एका लहानशा खिडकीतून तो पाण्यात ढकलते. माझ्या रिकिबीच्या बुडाशी नवं हाड वाढलंय. खाऱ्या हवेने दाराची बिजागरी धरते तशी ती धरली आहे, हलतच नाही. त्यामुळे हवेतून आलेली हाक दारातच राहते. आतली वेटोळी नळी मात्र ठणठणीत आहे. थेट हाडातून काही आलं तर ती सगळं ऐकते. स्वतःचा आवाज मला हाडातून मोठा येतो, म्हणून मी हळू बोलते. स्वतःचं चावणं मोठं येतं, म्हणून जेवताना बाकी काही येत नाही.

आणि बंदर? तिथे प्रत्येकजण गोंगाटाच्या वर आवाज चढवून बोलतो. इतरांना तो गोंगाटही तेवढाच ऐकू येतो, त्यात बोली बुडते. मला गोंगाट अर्धाच पोचतो आणि चढवलेली बोली तेवढी वर राहते. माझ्यासारखे पुष्कळजण असंच सांगतात म्हणे. मी एकटी अवलक्षणी नाही!

सोबत कानाच्या तपासणीच्या आलेखाची झेरॉक्स जोडली आहे. वरची रेघ हाडाची आहे, ती चांगली आहे. खालची हवेची, ती किती घसरली आहे ते बघा. दोन्हींच्या मध्ये जी मोकळी जागा आहे तेवढं तुमचं घर मला ऐकू येत नव्हतं.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही, म्हणून मी माझ्या बाजूचं आज लिहून ठेवते. चार वर्षांपूर्वी, जानेवारीतच, आई न्हाणीत घसरून पडल्या. अर्धा तास त्या मला हाका मारत होत्या. मी पडवीत होते, दहा पावलांवर. दोन घरं सोडून राहणाऱ्या कमलाकाकूंनी हाका ऐकल्या आणि त्या धावत आल्या. मी मान खाली घालून कामात. काकूंनी सगळ्या वाडीला सांगितलं, "हिने ऐकलंन, पण ओ नाय दिलीन." आईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. तुम्ही सावर्ड्याहून आलात आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात तुमच्या भावाला म्हणालात, "हिला बोली ऐकू येते, हाक ऐकू येत नाही. आईला मी त्या घरात पाठवणार नाही." तुम्हाला वाटलं मला कळलं नाही. पण वीज गेली होती, शेजारी जनरेटर धडधडत होता, म्हणून तुम्ही ओरडून बोलत होतात. मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

तुमचा भाऊ तेव्हा गप्प राहिला. अजूनही तो त्याबाबतीत गप्पच आहे, त्याची रिकीब जिभेला असावी.

तर आता माझं मागणं. यंदा शिमग्याला आईंना घरी येऊ द्या. पालखी दारात येते आणि ओटी मी भरते, चार वर्षं. गुरव दरवेळी विचारतात, म्हातारी कुठे? मी काय सांगू? हा कागद बघा, हवा तर सावर्ड्याच्या कुठल्याही डॉक्टरला दाखवा.

सहा फेब्रुवारीला माझ्या उजव्या कानाचं ऑपरेशन आहे. रिकिबीचा अडकलेला भाग काढून तिथे बारीकसा दांडा बसवतात. बहुतेकांना गुण येतो. शंभरात एखाद्याचं असतं तेही जातं, तसं लिहून त्यांनी सही घेतली आहे. गेलं तर गेलं. मी खोटी नव्हते एवढं या कागदावर उरेल.

आईंना नमस्कार सांगा. विनीतबरोबर दोन ओळी पाठवल्यात तर वाट बघेन.

तुमची,
सहीशिक्क्यासह बहिरी,
राजश्री

मिरकरवाडा, रत्नागिरी
दि. ३ मार्च २०२४

तीर्थस्वरूप समीक्षावन्संना राजश्रीचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे. तुमच्या दोन ओळी आल्या नाहीत, पण डबा परत आला. घासूनपुसून, आणि आत चिमूटभर साखर. भांडं रिकामं परत करू नये, हे तुमच्या घरात कधी कुणी मोडलं नाही, तेव्हा त्याचा फार मोठा अर्थ काढू नये असं तुमचा भाऊ म्हणाला. मी काढला. साखर तुम्ही घातलीत की आईंनी, एवढं मात्र कळलं नाही.

ऑपरेशन झालं. वन्सं, मला ऐकू येतं!

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि ते मोठ्याने वाचून बघितलं. तुमच्या ओसरीवर तुम्ही जशा सगळं बैजवार सांगता तसं सांगते.

या ऑपरेशनला पूर्ण झोपवत नाहीत, कान तेवढा बधिर करतात. मी टक्क जागी. तोंडावर हिरवं कापड, कानात दुर्बीण लावून बाईंचं काम चाललेलं. मला नुसता कानात उंदीर शिरल्यासारखा करकर आवाज, तो हाडातून येत होता. मी देवाचं नाव घेत होते आणि मध्येच वाटत होतं की आता असलेलंही जाणार. मग करकर थांबली. एकदम सगळं थांबलं. आणि माझ्या उजव्या बाजूने कुणीतरी अगदी हळू, शेजारणीला गुपित सांगावं तसं म्हणालं, "पापलेट."

मी म्हटलं, "पापलेट."

"बांगडा."

"बांगडा."

"सुरमई, किलोला चारशे."

"चारशेला सुरमई? डॉक्टर, कापड बाजूला करा, मी उठते!"

सगळे हसले. डॉक्टर, भूल देणारे, दोन नर्सा. वन्सं, मला ते हसणं ऐकू आलं, वेगवेगळं. एकीचं नाकातून, एकाचं घोगरं. ऋत्विकचं लहानपणीचं हसणं मी नीट ऐकलेलं नाही, आणि हे चार परक्या माणसांचं हसणं मला टेबलावर पडल्या पडल्या फुकटात मिळालं. मी हमसाहमशी रडायला लागले तेव्हा बाई ओरडल्या, "हलू नका, हलू नका, दांडा हलेल!" ओरडल्या तेही किती मोठं वाटलं!

पुढचे दोन दिवस घर बोटीसारखं डुललं. कानात बोळे होते, तेव्हा परत बंद. दहा दिवसांनी बोळे काढले. मग काय विचारता. पंखा आवाज करतो हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या स्वतःच्या बांगड्या वाजतात. तुमचा भाऊ दाढी करताना गुणगुणतो, वन्सं! सोळा वर्षं झाली लग्नाला. मी न्हाणीच्या दारात उभी राहून ऐकत होते, त्याला आरशात दिसले तर म्हणतो, "काय झालं गो?" मी म्हटलं, "तुम्हाला सूर नाही." तो एवढा लाजला की गालावर कापून घेतलंन.

एक गंमत सांगते. पंधरवड्याने बंदरावर गेले, वजन उचलायचं नाही या अटीवर, तर मला काही कळेना! इंजिनं, बर्फाचं यंत्र, कावळे, माणसं, सगळं एकदम अंगावर. तीन बोली हातच्या गेल्या. आता मी शुद्ध बंदरावरची बहिरी. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. तोवर कापूस घालून जाते.

आणि कमलाकाकू. हळदीकुंकवाला मी पाठमोरी बसले होते, त्या मागे कुणाच्या तरी कानाला लागल्या, "आता ऑपरेशनाचं नवीन सोंग हो." मी मागे न वळता म्हटलं, "काकू, सोंगाला टाके पडत नाहीत, बघा हवे तर." त्यांच्या हातातली साखर सांडली. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून आल्या, ओच्यात आमसुलं घेऊन. म्हणाल्या, "मी बोललंय ते मागे घेतलंय गो. चार वर्षां चुकलंय माझं." वाडीत आता तेच सांगत फिरतात, तेवढ्याच जोराने. कुणी काही बोलायच्या आधी माझा आलेख दाखवतात.

म्हणजे मी जिंकले, वन्सं. सगळ्या बाजूंनी. आता या पत्रात एवढंच लिहून खाली नाव घालता आलं असतं. गेला आठवडाभर मी तसं तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मला हाक ऐकू आली नाही. ते खरंच आहे. पण तेवढंच खरं नाही.

लग्न झालं तेव्हा माझे कान चांगले होते. दुपारी पाठ टेकली की आई हाक मारायच्या, आणि मी पाच-सहा वेळा तरी झोपल्याचं सोंग केलं. एकदा त्यांनी माझी पापणी हललेली बघितली. 'ऐकते पण ओ देत नाही' हे त्या तुम्हाला सांगायच्या ते त्या वेळी खोटं नव्हतं. पुढे कान खरोखर गेले तेव्हा माझ्यावर कुणी विश्वास ठेवावा अशी मी जागाच ठेवली नव्हती. माझी मलाही खात्री राहिली नाही. ऐकू येत नाही की ऐकायचं नाही, हे मला शेवटी त्या नादकाट्याने सांगितलं.

आईंचा तांब्या तुम्हाला आठवत असेल. हाक मारून मी गेले नाही की त्या न्हाणीच्या भिंतीवर तांब्या आदळायच्या, आणि मग मी जायची. 'हिला तांब्या बरा ऐकू येतो', म्हणून तुम्ही सगळे हसायचात. पडवीची आणि न्हाणीची भिंत एकच, चिऱ्याची. मी सदा त्या भिंतीला डोकं टेकून बसायची, आई मला आळशी म्हणायच्या. पण तसं टेकलं की मला घर ऐकू यायचं. पाट्यावरचं वाटण, कडी, पावलं. हाक चिऱ्यात शिरत नाही, ठोका शिरतो, आणि चिऱ्यातून माझ्या डोक्याच्या हाडात येतो. डॉक्टरांनी दांडी कानामागे टेकवली तेव्हा मला एका क्षणात हे कळलं. म्हणून मी रडले. आईंनी ते कित्येक वर्षं आधी शोधून काढलं होतं. घरात माझ्यापर्यंत पोचायची वाट फक्त त्यांना सापडली होती, आणि आम्ही सगळे तिला त्यांचा संताप समजत होतो.

त्या पडल्या त्याच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं. कशावरून, ते आता आठवतही नाही. मी म्हणाले होते, "मी काय गोठ्यातली म्हैस आहे? यापुढे तांब्या आपटलात तर उठायची नाही."

दुसऱ्या दिवशी मी सोड्यांसाठी कोलंबी सोलत भिंतीला टेकून बसले होते. हाका आल्या नाहीत. ठोके आले. आधी एक जोरात. मग थोडं थांबून दोन, हळू. तीन ठोके, वन्सं, आणि मला ते तिन्ही ऐकू आले, डोकं भरून. मी मनात म्हटलं, आपटा. आणि पुढची कोलंबी उचलली.

आई खाली पडून भिंतीवर तांब्या मारत होत्या.

तुमचं बोलणं मी चार वर्षं अन्याय म्हणून जपलं. बोलणं चुकीचं होतं, पण मी निर्दोष नव्हते. कानाचा दोष कागदावर आला. मी उठले नाही हा माझा, तो कुठल्या आलेखात यायचा नाही, म्हणून इथे लिहिते.

आणखी एक. आईंनी तांब्याचं कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला नाही, तुमच्या भावाला नाही. 'हाका मारल्या' एवढंच म्हणाल्या. तांब्या मला ऐकू येतो हे तुम्ही थट्टेने म्हणायचात, पण सगळ्या जगात एकट्या त्यांना ते पक्कं माहीत होतं. तो शब्द त्या बोलल्या असत्या तर मला या घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मोडलेलं हाड घेऊन, तुम्ही सगळे भोवती उभे असताना, त्या माउलीने तेवढा एक शब्द गिळला. इतके दिवस मला वाटायचं की त्या रागाने माझ्याशी बोलत नाहीत. आता वाटतं, बोलायला गेल्या तर तो शब्द निघेल म्हणून त्यांनी तोंड मिटलं असेल.

हे वाचून तुम्ही मला माफ करावं असं मागत नाही. माझा जिंकलेला खटला मी तुमच्या हाती देते आहे, हे कळूनच देते आहे. हा कागद नाचवत मी आईंना न्यायला आले असते तर कदाचित त्या आल्याही असत्या. पण त्यांच्या समोर बसून मला जेवता आलं नसतं. आता मात्र हे लिहिल्यावर मला कुणाची भीती वाटत नाही. कमलाकाकूंना उत्तर दिलं तेव्हाही एवढं हलकं वाटलं नव्हतं.

येत्या शनिवारी, नऊ तारखेला, सकाळच्या चिपळूण गाडीने मी सावर्ड्याला येते आहे. तुमचा भाऊ बरोबर यायचं म्हणतो, पण मी एकटीच येईन. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी कडी वाजवणार नाही, ओट्यावर उभी राहीन. हे पत्र आधी आईंना वाचून दाखवा, सगळं, तांब्यासकट.

त्यांना माझ्याबरोबर यायचं नसेल तर त्यांनी आतून, खाटेवर पडल्या पडल्या, रोजच्या आवाजात 'नको' म्हणावं. ओरडायला नको, काही आपटायला नको. मला ऐकू येईल, आणि मी त्याच पावली परत जाईन.

आणि यावंसं वाटलं, तर त्यांनी फक्त माझं नाव घ्यावं. हळू घेतलं तरी चालेल.

मी ओ देईन.

आईंची सून,
राजश्री